आलेखांची डिझाइन स्पेस कशी तयार करायची, कशी तपासायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या कॉलेजांमध्ये प्रकल्प करणारी मुलं, काही पत्रकार, बाजारभावाची पत्रकं काढणारे काही जण आणि पीएच.डी.च्या मध्यावर अडकलेले बरेच जण हे प्रश्न पाठवत असतात. प्रत्येक उत्तर एकेकटं वाचता येईल असं ठेवलं आहे. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून अधूनमधून दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरण बहुतेक ठिकाणी एकच घेतलं आहे: नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याची रोजची नोंद. तिच्यात चार आकडे असतात: क्विंटलमधली आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर.

१. डिझाइन स्पेस म्हणजे नेमकं काय?

आलेख काढताना आपण कळत-नकळत बरेच निर्णय घेतो. हे निर्णय आणि प्रत्येक निर्णयात खुले असलेले पर्याय सुटे करून मांडले की जी चौकट तयार होते, ती डिझाइन स्पेस. निर्णयाला परिमाण म्हणतात. संत्र्याच्या दरांचं बघा. दिवस कशाने दाखवायचा: ठिपका, उभी पट्टी की रंगवलेला चौकोन? काळ कसा मांडायचा: सरळ रेषेत, एका वर्षाखाली दुसरं वर्ष, कॅलेंडरच्या घरांत की वर्तुळात? संत्रं आणि मोसंबी एकत्र आणायची तर शेजारी-शेजारी, एकावर एक, की दोन्हींतला फरक काढून? ३ × ४ × ३ म्हणजे ३६ जोड्या झाल्या. त्यातल्या काही आपण नेहमी पेपरात बघतो, काही निव्वळ वेडगळ असतात आणि काही कोणी काढूनच पाहिलेल्या नसतात. कुठल्या कशा, हे दिसावं म्हणून हा खटाटोप.

२. मग ही आलेखांच्या प्रकारांची यादीच झाली ना?

यादीत नावं असतात: स्तंभालेख, रेषालेख, पाय चार्ट, हीटमॅप. यादीत जो आलेख नाही त्याबद्दल यादी गप्प बसते. शिवाय नाव बरंच काही झाकून टाकतं. दोन्ही ‘रेषालेख’च, पण एकात बाजार बंद असलेल्या दिवशी रेघ तुटते आणि दुसऱ्यात सरळ जोडून टाकलेली असते. वाचणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे आलेख आहेत, कारण जोडलेली रेघ त्या दिवशीही काहीतरी दर होता असं सांगते. डिझाइन स्पेसमध्ये हा फरक पकडता येतो, यादीत नाही.

३. दादा, एवढं सगळं कायले करायचं? एक्सेलमधला बार चार्ट टाकला तर काय बिघडते?

बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. उद्या सकाळी एक आलेख द्यायचा असेल तर राजेहो, सरळ बार चार्ट टाका आणि मोकळे व्हा. एकाच विषयाचे आलेख वर्षानुवर्षं काढायचे असतील, आलेख काढणारं साधन बनवायचं असेल, किंवा टीममध्ये ‘माझाच बरा’ म्हणून दोघं हटून बसले असतील, तेव्हा मात्र स्पेस कामाची. दोघांचं नेमकं कुठल्या निर्णयावर पटत नाही हे तिथे समोर येतं, आणि पुष्कळदा वाद एवढाच निघतो की अक्ष कुठून सुरू करायचा.

४. ही कल्पना आली कुठून? प्रस्तावनेत कोणाची नावं घ्यावी लागतात?

थोडक्यात सांगतो. फ्रेंच नकाशाकार झाक बर्तां यांनी १९६७ साली कागदावरच्या खुणेचं काय काय बदलता येतं ते सुटं करून दाखवलं: तिची जागा, आकारमान, छटेचा गडदपणा, पोत, रंग, दिशा आणि आकार. सगळ्या शक्यतांची पेटी मांडून एकेक जोडी तपासायची रीत फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाची. ती त्याने जेट इंजिनांच्या प्रकारांवरही वापरली होती. १९८६ साली जॉक मॅकिन्ले यांनी आलेख आपोआप निवडणारा प्रोग्रॅम लिहिला आणि दोन कसोट्या लावल्या. आलेख डेटातलं सगळं आणि फक्त तेवढंच सांगतो का? आणि सांगितलेलं डोळ्याला सहज कळतं का? १९९७ मध्ये त्यांनी स्टुअर्ट कार्ड यांच्यासोबत माहितीच्या आलेखांची रचना याच अंगाने मांडली. लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ साली आलेखांचं व्याकरण लिहिलं, आणि आर या प्रोग्रॅमिंग भाषेतलं आलेख काढायचं जीजीप्लॉट२ हे साधन त्यावरच उभं आहे. एवढी नावं पुरेत. प्रस्तावना फुगवली म्हणून पुढचं काम हलकं होत नाही.

५. परिमाणं शोधायची कशी? मी पन्नास आलेख जमवले आणि आता नुसती बघत बसली आहे.

एकेक आलेख बघत बसलं तर त्याचं नावच सुचत राहतं. त्यापेक्षा दोन-दोन आलेख समोर ठेवा, शक्यतो एकाच डेटाचे, आणि विचारा: हा काढणाऱ्याने कुठला निर्णय वेगळा घेतला? उत्तर एका वाक्यात, क्रियापदासकट लिहा. ‘वेगळा लूक आहे’ हे उत्तर धरायचं नाही.

संत्र्याचीच एक जोडी घेऊ. दोन्हींत दोन वर्षांचे दर आहेत, एका वर्षाखाली दुसरं. पहिल्यात वर्ष जानेवारीला सुरू होतं, दुसऱ्यात सप्टेंबरला. फरक किरकोळ वाटतो. पण अंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. जानेवारीपासूनच्या अक्षावर हंगामाचे दोन तुकडे होतात: अंबिया उजव्या टोकाला जाऊन पडतो, मृग डाव्या टोकाला, आणि मधल्या उन्हाळा-पावसाळ्यातल्या रिकाम्या पट्ट्यावर सगळी नजर जाते. सप्टेंबरपासून सुरुवात केली की दोन्ही बहार एकामागे एक येतात. म्हणजे ‘अक्षाची सुरुवात’ हा खरा निर्णय आहे आणि त्याला परिमाणाची जागा द्यायला हवी.

दुसरी जोडी: एकात फक्त सर्वसाधारण दराची रेघ आहे, दुसऱ्यात किमान ते कमाल अशी उभी पट्टी आणि तिच्यावर सर्वसाधारण दराचा ठिपका. हा खुणेचा फरक आहे असं चटकन वाटतं. खरं तर इथे दोन निर्णय एकात मिसळले आहेत: तीन दरांपैकी किती दाखवायचे आणि ते कशाने दाखवायचे. तपासायला सोपी युक्ती आहे. एक निर्णय तसाच ठेवून दुसरा बदलून बघा. तिन्ही दर ठेवून पट्टीऐवजी तीन रेघा काढता येतात, म्हणजे दोन्ही परिमाणं सुटी. एक बदललं की दुसरं दरवेळी आपोआप बदलत असेल, तर ती दोन नावांची एकच गोष्ट.

६. डेटाचा प्रकार, वाचक कोण, फोन की कागद, हीसुद्धा परिमाणं धरायची का?

बहुतेक प्रबंध इथेच घसरतात. परिमाण म्हणजे आलेख काढणाऱ्याच्या हातातला निर्णय. आवक क्विंटलमध्ये आहे, वाचक शेतकरी आहे, पत्रक काळ्या-पांढऱ्यात छापलं जाणार आहे, हे आपण ठरवत नाही, आपल्याला दिलेलं असतं. त्यांना अटी म्हणा आणि वेगळ्या तक्त्यात ठेवा. परिमाणांमध्ये घातल्या तर खान्यांची (पर्यायांच्या एकेका जोडीसाठी तक्त्यात असलेल्या घरांची) संख्या उगाच फुगते आणि निम्म्या खान्यांवर आपला काही अधिकारच नसतो. अटींचं काम पुढे येतं, खाने गाळताना: काळी-पांढरी छपाई ही अट लावली की रंगाच्या फरकावर उभे असलेले खाने एका झटक्यात बाद.

सीमेवरची एक गोष्ट आहे. रोजचे आकडे आठवड्याच्या सरासरीत बदलायचे का? डेटा तर दिलेला आहे, पण तो किती बारीक दाखवायचा हे आपल्या हातात आहे. म्हणून ते परिमाण.

७. परिमाणं किती असावीत?

ठरलेला आकडा नाही. चारपेक्षा जास्त झाली की ती एका तक्त्यात नीट दाखवणं अवघड जातं, आणि वापरणारा पहिली दोन-तीनच बघतो. मॅथ्यू ब्रेमर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये घटनांच्या कालरेषांची स्पेस मांडली, ती नमुना म्हणून जरूर पाहा. २६३ कालरेषा तपासून त्यांनी तीनच परिमाणं ठेवली (रूप, मोजपट्टी आणि मांडणी) आणि त्यांत मिळून १४ पर्याय. सगळ्या जोड्यांपैकी चालण्याजोग्या म्हणून २० राखल्या. एवढ्या ढिगातून तीनवर येणं हेच खरं काम आहे.

८. नमुने कुठून गोळा करायचे? पिंटरेस्टवर तर हजारो आहेत.

पिंटरेस्टवर देखणे आलेख आहेत, नेहमीच्या वापरातले फार कमी. एकाच ठिकाणचे नमुने घेतले की त्या ठिकाणची आवडनिवड तुमच्या स्पेसमध्ये उतरते. शोधनिबंध, वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, बाजार समितीचे फलक, मेट्रोच्या स्टेशनवरचे नकाशे, अगदी हाताने काढलेलेही घ्या. काय घेतलं आणि काय सोडलं याचा नियम आधी लिहून ठेवा. नमुने कधी थांबवायचे? नवीन येणारे आलेख आधीच्याच खान्यांत बसू लागले आणि बराच वेळ नवा पर्याय निघाला नाही, की थांबा.

९. आम्ही दोघींनी तेच आलेख स्वतंत्रपणे कोड केले, म्हणजे प्रत्येक आलेख प्रत्येक परिमाणावर कुठल्या पर्यायात बसतो ते नोंदवलं. ८५ टक्के जुळलं. पुरेसं आहे का?

टक्केवारीवर जाऊ नका. समजा ४० आलेख आहेत आणि काळाच्या मांडणीला तुम्ही प्रत्येकीने ३६ वेळा ‘सरळ रेषा’ दिलं, ४ वेळा ‘इतर’. ३४ ठिकाणी जुळलं, म्हणजे ८५ टक्के. पण दोघींनी न बघता याच प्रमाणात खुणा केल्या असत्या तरी ०.९ × ०.९ अधिक ०.१ × ०.१, म्हणजे ८२ टक्के जुळलंच असतं. कोहेन यांचा १९६० सालचा ‘कप्पा’ (kappa) नावाचा निर्देशांक हा योगायोग वजा करतो: (०.८५ − ०.८२) भागिले (१ − ०.८२), साधारण ०.१७. हे फारच कमी आहे. ‘इतर’ म्हणून दोघींनीही निवडलेला आलेख इथे अवघा एक निघतो, आणि गोची तिथेच आहे.

आकडा काढल्यावर तो निबंधात टाकून पुढे जाऊ नका. न जुळलेले सहा आलेख टेबलावर ठेवा आणि बोला. बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघतं: पर्यायाची व्याख्या ढिली आहे, किंवा एका परिमाणात दोन निर्णय कोंबले आहेत (प्रश्न ५). व्याख्या दुरुस्त केल्यावर नवे आलेख घेऊन पुन्हा कोड करा. त्याच सहांवर पुन्हा केलं तर जुळणारच.

१०. माझ्या तक्त्यात भरपूर खाने रिकामे आहेत. म्हणजे तेवढे नवे आलेख मी शोधले असं लिहू का?

अजिबात नाही. रिकाम्या खान्यांचे तीन तरी प्रकार असतात आणि ते वेगळे केल्याशिवाय काहीच लिहू नये.

पहिला, जोडीच जुळत नाही. कॅलेंडरची घरं, खूण म्हणून एकाच रंगाने भरलेला चौकोन आणि दाखवायचे तिन्ही दर. एका चौकोनाचा एक रंग एकच आकडा सांगू शकतो. चौकोनाचे तीन तुकडे केले तर खूण बदलली, म्हणजे खाना बदलला.

दुसरा, काढता येतं पण काढू नये. त्याच चौकोनाच्या तीन पट्ट्या केल्या आणि वर्षभराचं कॅलेंडर फोनवर दाखवलं तर नुसता गालिचा दिसतो. मात्र हे अटीवर अवलंबून आहे (प्रश्न ६). भिंतीवरच्या मोठ्या फलकावर तोच खाना चालून जाईल. म्हणून त्याच्यावर फुली मारू नका, कुठल्या अटीत पडतो ते लिहा.

तिसरा, खरंच कोणी करून पाहिलेलं नाही. हा शिल्लक राहतो तो बहुधा लहानसा असतो. त्यातला प्रत्येक खाना खऱ्या डेटाने भरून, निदान कागदावर का होईना, काढून बघा. न काढता ‘संशोधनाची संधी’ असं लिहिणं ही आमच्याकडे येणाऱ्या मसुद्यांतली सगळ्यात कंटाळवाणी सवय आहे.

आणखी एक गुंता. वर्तुळाला सुरुवातच नसते. त्यामुळे काळ वर्तुळात मांडला की ‘अक्षाची सुरुवात’ हे परिमाण जवळपास विरघळतं, माथ्यावर कुठला महिना ठेवायचा एवढंच उरतं. एका पर्यायामुळे दुसरं परिमाणच निकामी होत असेल तर तिथले खाने रिकामे दाखवू नका. ‘लागू नाही’ अशी खूण करा.

११. गाईड म्हणून राहिले की स्पेसचं व्हॅलिडेशन करा. ते कसं करतात?

आधी काय करू नये ते सांगतो. स्पेसमधून एक आलेख निवडायचा, तो तीस विद्यार्थ्यांना दाखवायचा, त्यांना तो आवडला की ‘स्पेस सिद्ध झाली’ म्हणायचं, असं सर्रास चालतं. त्यातून फार तर तो आलेख बरा आहे एवढं कळतं.

मिशेल बोदुआँ-लाफाँ यांनी २००४ मध्ये माणूस आणि संगणक यांच्यातल्या संवादाच्या प्रारूपांसाठी तीन ताकदी सांगितल्या: वर्णन करण्याची, मूल्यमापनाची आणि नवं निर्माण करण्याची. डिझाइन स्पेसलाही त्या चांगल्या लागू पडतात.

वर्णनासाठी, स्पेस बांधताना न वापरलेले आलेख घ्या आणि ज्यांनी ती बांधली नाही त्यांना कोड करायला द्या. किती बसतात, आणि कुठे अडखळतात? हे काम सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवलेल्या नमुन्यांवर करायचं असतं, म्हणून एक गठ्ठा पहिल्या दिवसापासून बंद ठेवा.

मूल्यमापनासाठी एकाच खान्यात पडलेले आलेख शेजारी ठेवा. डोळ्याला ते ढळढळीत वेगळे वाटत असतील तर एखादं परिमाण सुटलंय. उलट, वेगवेगळ्या खान्यांतल्या दोन आलेखांत वाचणाऱ्यांना फरकच कळत नसेल तर एखादं परिमाण फुकटचं आहे. ही तपासणी अर्ध्या दिवसाची, पण तिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

निर्मितीसाठी दोन गट करा. एकाला स्पेस द्या, दुसऱ्याला देऊ नका, दोघांना एकच डेटा आणि एकच वेळ द्या, आणि कच्ची चित्रं काढायला सांगा. चित्रं किती झाली याला महत्त्व नाही, ती एकमेकांपासून किती वेगळी आहेत हे बघायचं. आणि इथे एक खड्डा आहे. वेगळेपण तुमच्याच खान्यांनी मोजलं तर स्पेस मिळालेला गट जिंकणारच, कारण मापही तुमचंच आहे. म्हणून स्पेस न पाहिलेल्या कोणाला तरी सगळी चित्रं द्या, कुठली कोणाची हे न सांगता, आणि सारख्या-सारख्याचे ढीग करायला सांगा. दोन्ही गटांची चित्रं किती ढिगांत पसरली ते मोजा.

१२. कुठला खाना सर्वांत चांगला हे स्पेसमध्येच गुण देऊन दाखवू का?

गुण द्यायला आधार आहे, पण तोकडा. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली दाखवलं की एकाच मोजपट्टीवरची जागा आपण सर्वांत अचूक वाचतो, त्यानंतर लांबी आणि कोन, मग क्षेत्रफळ, आणि रंगाचा गडदपणा फार खाली. आकडा अचूक वाचायचा असेल तर हा क्रम उत्तम. पण ‘गेल्या तीन हंगामांत बाजार कधी कोसळला’ हे एका नजरेत हवं असेल तर रंगीत घरांचं कॅलेंडर रेघेपेक्षा सरस ठरू शकतं. म्हणून स्पेस आणि गुण वेगळे ठेवा: स्पेस एकच, प्रत्येक कामासाठी गुणांचा थर वेगळा.

१३. मनपाच्या दहाही झोनची तुलना करायची आहे. दहा रेघा एकावर एक घातल्या तर गुंता होतो.

होणारच. तुलनेच्या मांडणीसाठी मायकेल ग्लायकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेली विभागणी तयार परिमाण म्हणून उचला: शेजारी ठेवणं, एकावर एक ठेवणं, आणि संबंधच काढून दाखवणं. दहा झोनसाठी दहा छोट्या चौकटी, सगळ्यांना एकच मोजपट्टी, आणि प्रत्येक चौकटीत शहराची सरासरी फिकट रेघेने. म्हणजे शेजारी ठेवणं आणि एकावर एक ठेवणं दोन्ही एकत्र आलं. असे मिश्र आलेख कोड करताना प्रत्येक पातळीचा कोड वेगळा लिहा. ‘मिश्र’ नावाचा पर्याय करू नका, तो लवकरच अडगळीची खोली होतो.

१४. क्लिक करून बदलणारे आलेख कुठल्या खान्यात? ते तर अनेक खान्यांत फिरतात.

बरोबर, आणि तेच लिहायचं. असा आलेख म्हणजे स्पेसमधला एक बिंदू नव्हे, वाट. सुरुवातीला कुठल्या खान्यात उघडतो आणि वाचणारा कुठल्या परिमाणावर हलू शकतो, एवढ्या दोन नोंदी पुरतात. सुरुवातीच्या खान्याची नोंद विसरू नका, कारण पुष्कळ वाचक काहीच न दाबता निघून जातात.

१५. संत्र्याचा आलेख केशरीच हवा का?

मोसंबीसोबत असेल तर केशरी ठेवा, ओळखायला वेळ लागत नाही. एकटं संत्रं असेल तर रंग काही सांगतच नाही, तो दुसऱ्या कामाला लावा. आणि केशरीच्या छटांनी दर दाखवत असाल तर मोसंबीसाठी पिवळा घेऊ नका. फिकट केशरी आणि गडद पिवळा भररस्त्यात गळ्यात गळे घालून चालतात.

१६. चॅटबॉटकडून कोडिंग करून घेतलं तर?

पर्यायांची कच्ची यादी सुचवायला तो बरा. कोडिंगला दुसरा माणूस म्हणून धरू नका: तुमची व्याख्या ढिली असली तरी तो कुरकुर न करता काहीतरी खूण करून देतो, आणि आपल्याला हवी असते ती कुरकुर (प्रश्न ९). त्याने दिलेले संदर्भ मूळ निबंध उघडून पाहिल्याशिवाय वापरायचे नाहीत.

१७. प्रबंध द्यायची वेळ आली आणि एक आलेख सापडून राहिला जो कुठेच बसत नाही. आता?

आधी बघा, तो तुमच्या विषयात येतो का. संत्र्याच्या दरांची स्पेस असेल आणि आलेख कळमन्याकडे माल कुठकुठल्या तालुक्यांतून येतो त्याचा नकाशा असेल, तर तो बाहेरचा. सीमा एका ओळीत स्पष्ट करा आणि सोडून द्या. विषयातलाच असेल तर बघा, तो कुठल्या परिमाणावर अडतो. एकाच परिमाणावर अडत असेल तर नवा पर्याय वाढवा आणि आधीचे सगळे आलेख त्या एका परिमाणापुरते पुन्हा तपासा. हे एका संध्याकाळचं काम आहे. सगळ्याच परिमाणांवर अडत असेल तर तो न बसणाऱ्यांच्या यादीत चित्रासकट टाका आणि कारण लिहा. परीक्षकाने तोच आलेख काढून विचारलं, तर उत्तर छापलेलं असेल.